थंड हवा, पांढरी पूड आणि शहापूरचे पाणी

कापसाचा धागा कोरड्या हवेत तुटतो. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईतली पहिली कापड गिरणी काढायला घेतली आणि १८५६ मध्ये ताडदेवला तिची चाती फिरू लागली, तेव्हा समुद्रकाठची दमट हवा धाग्याच्या पथ्यावर पडली. पण हिवाळ्यात कोरडा वारा सुटला, आत शेकडो यंत्रे तापली, की तोच धागा पटापट तुटू लागे. मालकांनी हाताशी असलेला उपाय केला: बॉयलरची वाफ नळीतून थेट खात्यात सोडली. धागा टिकला. साच्यांपुढे दहा-बारा तास उभ्या असलेल्या माणसाचे काय होत होते, हा प्रश्न पुढची कित्येक वर्षे दुय्यम राहिला.

गिरणगावच्या आठवणींत त्रासन (सूतकताईचे) खाते आणि साचेखाते (विणकामाचे) यांची वर्णने सारखी येतात: अंगाला चिकटलेले कपडे, हवेत तरंगणारा कापसाचा भुगा, रविवारची सुट्टी संपवून कामावर गेले की भरून येणारी छाती. या छातीच्या विकाराला डॉक्टर बिसिनोसिस म्हणतात. हवा खेळती ठेवायला खिडक्या उघडाव्यात तर ओलावा निघून जातो, म्हणून खिडक्या बंद. हवा यंत्रासाठी होती, माणसाला तिच्याशी जुळवून घ्यावे लागत होते.

सरकारचे लक्ष या वाफेकडे वळायला विसावे शतक उजाडले. १९२३ साली टी. मॅलोनी यांचा भारतीय कापड गिरण्यांतील कृत्रिम दमटपणावरचा अहवाल प्रसिद्ध झाला. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने कायद्यात या विषयाला स्वतंत्र कलम मिळाले. कलम १५ म्हणत होते, की कारखान्यात हवा दमट करण्यासाठी वापरायचे पाणी सार्वजनिक पुरवठ्यातले किंवा पिण्याच्या इतर स्रोतातले असावे, नाहीतर ते नीट शुद्ध केलेले असावे. मला हे कलम फार मोलाचे वाटते. जे पाणी तुषार होऊन हवेत जाते ते माणसाच्या फुप्फुसातही जाते, एवढी साधी गोष्ट त्यात कायद्याच्या भाषेत मान्य झाली आहे.

मुंबईचा हा सार्वजनिक पुरवठा तेव्हा मुख्यतः तानसाचा. विहार आणि तुळशी ही जवळची तळी वाढत्या शहराला पुरेनाशी झाली, तेव्हा शहापूरच्या जंगलात तानसा नदीवर पावणेतीन किलोमीटरहून लांब दगडी धरण बांधले गेले. १८९२ साली व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. तिथून भल्यामोठ्या नळांतून, पंपाशिवाय, केवळ उताराच्या जोरावर पाणी शहरात येऊ लागले. पुढे १९५७ मध्ये वैतरणेवर मोडकसागर झाला, त्यानंतर भातसा. मुंबईच्या पाण्याचा जवळपास निम्मा वाटा आज एकट्या भातसा धरणातून येतो. आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या वाड्या-पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातात. या अन्यायाबद्दल बोलले पुष्कळ जाते, तो मिटलेला मात्र नाही.

गिरणीच्या हवेचा प्रश्न अमेरिकेतही होता, आणि तिथेच त्याला शास्त्रीय वळण मिळाले. १९०२ साली विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरने ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी हवेतला ओलावा नेमका ठेवणारी यंत्रणा आखली. तिथे कागद हवेप्रमाणे फुगत-आकसत असल्याने रंगांची छपाई एकमेकांवर बसत नव्हती. १९०६ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातले गिरणीतज्ज्ञ स्टुअर्ट क्रेमर यांनी कापड गिरण्यांतल्या अशाच कामासाठी ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्दप्रयोग केला. म्हणजे आज दुकानात, दवाखान्यात, लग्नाच्या हॉलमध्ये जी एसीची हवा आपण घेतो, तिची सुरुवात कागद आणि सूत सांभाळण्यासाठी झाली. माणसाचा आराम मागाहून आला.

हवा थंड करायची तर गॅस लागतो. सुरुवातीच्या यंत्रांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथिल क्लोराइड असत. गळती झाली तर माणसे मरत. १९२८ च्या सुमारास थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लोरिन असलेले, न जळणारे, विषारी नसलेले वायू पुढे आणले. फ्रिऑन या नावाने ते जगभर गेले. ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळांत मग याच घराण्यातल्या आणखी वायूंचा शोध सुरू झाला.

६ एप्रिल १९३८. न्यू जर्सीतल्या डीपवॉटर इथल्या ड्यूपाँटच्या जॅक्सन प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट हे २७ वर्षांचे रसायनशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहायक जॅक रेबॉक यांनी एका छोट्या सिलिंडरची तोटी उघडली. आत टेट्राफ्लोरोइथिलीन हा वायू होता, शीतकरणासाठी नवा गॅस बनवायचा कच्चा माल. असे बरेच सिलिंडर भरून त्यांनी कोरड्या बर्फात ठेवले होते. तोटी उघडली तरी वायू आला नाही. तोटी तुंबली असेल म्हणून तार घालून पाहिली. सिलिंडर तोलून पाहिला तर वजन भरलेल्या सिलिंडरइतकेच. वायू गळालेला नाही आणि बाहेरही येत नाही, मग तो गेला कुठे? दुसरा कोणी असता तर सिलिंडर बाजूला टाकून पुढच्याला हात घातला असता. या दोघांनी तो करवतीने कापला. आत पांढरी, मेणचट लागणारी पूड होती. वायूचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन त्यांची लांबच लांब साखळी झाली होती.

प्लंकेट यांनी ती पूड आम्लात टाकली, विरघळली नाही. उष्णता दिली, इतर प्लॅस्टिकसारखी वाहिली नाही. तिच्यावर काही चिकटेना. आज कारण ठाऊक आहे: कणसाच्या दांड्याला दाण्यांनी सगळीकडून झाकावे तसे कार्बनच्या साखळीला फ्लोरिनच्या अणूंनी वेढलेले असते, आणि कार्बन-फ्लोरिनचा बंध सेंद्रिय रसायनातल्या सर्वांत बळकट बंधांपैकी एक आहे. बाहेरच्या कुठल्याही रसायनाला आत शिरायला फट सापडत नाही. पीटीएफई हे त्याचे शास्त्रीय नाव. टेफ्लॉन हे व्यापारी नाव ड्यूपाँटने १९४५ मध्ये नोंदवले.

दरम्यान युद्ध सुरू झाले होते. टेनेसीतल्या ओक रिज इथे अणुबॉम्बसाठी युरेनियम वेगळे करायचे होते आणि त्यासाठी वापरात असलेला युरेनियम हेक्झाफ्लोराइड वायू बहुतेक पदार्थ खाऊन टाकी. तिथल्या झडपा आणि सांध्यांसाठी ही पांढरी पूड कामी आली. युद्ध संपेपर्यंत तिचे बहुतेक उत्पादन लष्करी कामालाच गेले. स्वयंपाकघराच्या आधी टेफ्लॉनने हा मुक्काम केला, हे विसरता येत नाही. न चिकटणारा तवा आला तो १९५० च्या दशकात, फ्रान्समधल्या मार्क ग्रेगॉयर यांच्या खटपटीतून. टेफाल कंपनी १९५६ ची.

हा पदार्थ जितका बळकट तितकाच कामगाराला अवघड. ३२७ अंशांना तो मऊ पडतो, पण साच्यात ओतता येईल असा पातळ होत नाही. म्हणून पूड थंड असताना साच्यात दाबायची, मग भट्टीत भाजायची आणि तयार झालेल्या ठोकळ्यातून लेथवर हवा तो भाग कापून काढायचा. शिवाय निव्वळ पीटीएफई दाबाखाली हळूहळू पसरतो, घासला की झिजतो. त्यावर उतारा म्हणजे मिश्रण: काचेचा चुरा, कार्बन, ग्राफाइट, कांस्याची पूड घालून त्याला ताकद द्यायची. यांनाच फ्लोरोपॉलिमर कंपोझिट म्हणतात. उड्डाणपुलाचा गाळा उन्हाने लांबतो आणि रात्री आकसतो, तेव्हा खांबाच्या डोक्यावर त्याला अलगद सरकू देणाऱ्या बेअरिंगमध्ये पीटीएफईची चकती असते. आपण तिच्यावरून रोज जातो.

मला या मिश्रणांतले सर्वांत देखणे वाटते ते काचकापड. काचेचे बारीक तंतू विणून कापड करायचे, ते पाण्यात मिसळलेल्या पीटीएफईच्या द्रावणात बुडवायचे, भट्टीतून न्यायचे, पुन्हा बुडवायचे. काच ताकद देते, पीटीएफई ऊन-पाऊस-मळापासून तिला वाचवते. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ला व्हर्न विद्यापीठात असल्या कापडाचे पहिले कायमस्वरूपी छप्पर उभे राहिले. १९८१ मध्ये जेद्दाह विमानतळाच्या हज टर्मिनलवर त्याने आपला सर्वांत मोठा पराक्रम केला. ढाक्यात वाढलेले फजलूर रहमान खान हे त्यामागच्या अभियंत्यांपैकी एक. ४५ मीटर बाजूचा एक, असे २१० तंबू. बाजूंना भिंती नाहीत. पांढरे कापड बरेचसे ऊन परतवते, सावलीतली हवा तापली की वर चढून शंकूच्या टोकाच्या भोकातून निघून जाते आणि खालून दुसरी हवा येते. मुंबईहून गेलेले हजारो यात्रेकरू वर्षानुवर्षे या छपराखाली सामानाच्या रांगेत बसले आहेत. वाळवंटाच्या उन्हात, बहुतांश जागेला एसी न लावता, कापडाच्या आकारानेच हवा हलवली गेली.

आता पुन्हा शहापूरकडे, ठाणे जिल्ह्यात येऊ. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप औपचारिकपणे कधी संपलाच नाही, गिरण्या मात्र एकेक करून संपल्या. त्याच १९८२ साली शहापूर तालुक्यातल्या वासिंदला जिंदाल समूहाने आपला पोलादपत्र्याचा कारखाना सुरू केला. वासिंदला रेल्वे होती १८५५ पासून, आग्रा रस्ता शेजारून गेलेला, पाणी भरपूर. मुंबईतली जमीन महाग आणि मुंबईबाहेर कारखाने जावेत हे राज्याचे धोरण, त्यामुळे १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने, म्हणजे एमआयडीसीने, ठाण्यापासून बाहेर बाहेर वसाहती आखल्या होत्या. मुरबाडला रेल्वे नाही, तरी कल्याण-माळशेज रस्त्यावरच्या औद्योगिक क्षेत्रात कारखाने आले. टेक्नोक्राफ्टसारख्या कंपनीने तिथे सूतकताईही केली. परळ-लालबागला जो धागा थांबला तो सह्याद्रीच्या पायथ्याशी पुन्हा निघू लागला, आणि त्याच्यासोबत दमट हवेचा जुना प्रश्नही तिथे आला. मात्र गिरणगावातल्या माणसाच्या संघटनेची ताकद त्याच्याबरोबर आली नाही. मुरबाडच्या आदिवासी पाड्यावरून आलेल्या कंत्राटी मजुराच्या मागे दत्ता सामंत उभे नव्हते.

वासिंदचा जस्त चढवलेला आणि रंगीत पत्रा या गोष्टीत दोन ठिकाणी येतो. एसीची हवा इमारतभर फिरवणारे चौकोनी डक्ट अशाच जस्ती पत्र्याचे करतात. आणि छपरांच्या रंगीत पत्र्यावर जो सर्वांत टिकाऊ रंग चढवला जातो तो पीव्हीडीएफ या फ्लोरोपॉलिमरचा. १९६० च्या दशकात अमेरिकेत तो बाजारात आला. वीस-पंचवीस उन्हाळे-पावसाळे खाऊनही फिका पडत नाही अशी त्याची ख्याती आहे.

पत्र्याच्या डक्टला मात्र काही खोडी आहेत. जाळीतून हवा जोरात एका जागी पडते, तिच्याखाली काम करणाऱ्याची मान आखडते आणि दहा फुटांवरच्याला ती पोचत नाही. दमट जागी थंड पत्र्याला घाम फुटतो, थेंब खाली मालावर पडतात. आत धूळ साचते. १९७० च्या दशकात डेन्मार्कमध्ये अन्नप्रक्रिया कारखान्यांसाठी यावर तोडगा निघाला: डक्टच कापडाचा करायचा. पंखा सुरू झाला की पॉलिस्टरची लांब नळी फुगते आणि हवा तिच्या विणीतून किंवा आखून पाडलेल्या बारीक भोकांतून सगळ्या लांबीभर झिरपते. कुठेही झोत नाही. हवा कापडातून सतत बाहेर पडत असल्याने त्याच्या पृष्ठभागावर पाणी धरत नाही. मळले की काढून धुवायचे. मटण कापणाऱ्या कामगाराला दिवसभर थंडीत उभे राहायचे असते, त्याच्या मानेवर वारा पडू नये, इथून हा विचार सुरू झाला. गिरणीतल्या वाफेच्या नळीत यंत्राचा विचार आधी होता. कापडी डक्टमध्ये माणसाचा विचारही आधीपासून आहे. आज भारतातही खाद्यपदार्थ, औषधे, गोदामे, सूतगिरण्या या ठिकाणी असे डक्ट टांगलेले दिसतात.

कारखान्यातून बाहेर जाणाऱ्या हवेसाठीही कापड लागते, आणि तिथे पांढरी पूड पुन्हा भेटते. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी तापवलेल्या पीटीएफईच्या कांडीला हळूहळू ताणण्याऐवजी एकदम हिसका दिला. ती तुटण्याऐवजी कितीतरी पट लांब झाली आणि आतून सूक्ष्म छिद्रांनी भरून गेली. या पातळ पडद्यातून हवा जाते, धूळ वर राहते, आणि काही चिकटत नसल्याने झटकली की पडते. असा पडदा चढवलेल्या पिशव्या सिमेंटच्या भट्ट्यांची आणि बॉयलरची धूळ अडवतात.

हा पदार्थ भारतात बनू लागला त्याचे एक मूळ रायगड जिल्ह्यात आहे. रसायनी इथल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स या १९६० च्या सरकारी कंपनीने १९८३ मध्ये हिंदुस्थान फ्लोरोकार्बन्स ही उपकंपनी काढली आणि हैदराबादजवळ रुद्रारमला पीटीएफईचा देशातला पहिला कारखाना उभारला. रीत अशी, की एसीत तेव्हा वापरत तोच आर-२२ गॅस खूप तापवून त्याचा टेट्राफ्लोरोइथिलीन करायचा आणि त्याची साखळी जोडायची. थंड हवेचा गॅस आणि न चिकटणारे प्लॅस्टिक यांचे प्लंकेट यांच्यापासूनचे नाते इथेही कायम राहिले. २००७ मध्ये गुजरात फ्लोरोकेमिकल्सने दहेजला मोठा कारखाना सुरू केला. रुद्रारमचा कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०२० च्या जानेवारीत घेतला.

पण या इतिहासाचा सर्वांत गंभीर भाग पीटीएफईच्या साखळीत नाही. तो ती साखळी बनवताना वापरलेल्या मदतनीस रसायनांत आहे. पूड पाण्यात सारखी पसरावी म्हणून ड्यूपाँटने १९५१ पासून पश्चिम व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गजवळच्या कारखान्यात पीएफओए वापरले. तेही फ्लोरिनच्या कवचातले, म्हणून न कुजणारे. ते ओहायो नदीत, जमिनीत आणि लोकांच्या रक्तात गेले. विल्बर टेनंट या शेतकऱ्याची गुरे मरू लागली आणि त्यांनी रॉब बिलॉट या वकिलाला गाठले, तेव्हा १९९० चे दशक सरत आले होते. पुढे दाव्यातून सुमारे ६९,००० लोकांची रक्ततपासणी झाली. २०१२ पर्यंत तज्ज्ञांच्या मंडळाने मूत्रपिंड आणि वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार यांसह सहा आजारांशी या रसायनाचा संबंध संभवतो असे सांगितले. २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराने पीएफओए बंदीच्या यादीत घातले, आणि २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत धरले.

इटलीत हीच गोष्ट कापडापासून सुरू झाली. १९६५ च्या सुमारास मार्झोत्तो या लोकरी कापडाच्या उद्योगसमूहाने व्हेनेतो प्रांतातल्या त्रिस्सिनो इथे कापड पाणरोधक करणाऱ्या रसायनांसाठी संशोधन केंद्र काढले. त्याचाच पुढे मितेनी हा कारखाना झाला. २०१३ मध्ये कळले, की त्याच्या खालच्या भूजलात पीएफओएसारखी संयुगे पसरली आहेत आणि साडेतीन लाखांच्या आसपास लोक त्या पाण्याच्या टापूत राहतात. मुलांच्या रक्ताचे अहवाल हाती आल्यावर तिथल्या आया रस्त्यावर उतरल्या. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. जून २०२५ मध्ये विचेंझाच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले, शिक्षांची बेरीज १४१ वर्षे झाली.

त्या कारखान्याची यंत्रे २०१९ च्या लिलावात लक्ष्मी ऑर्गॅनिक या कंपनीच्या उपकंपनीने घेतली आणि ती रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुरामला आणली. यंत्र स्वतः दोषी नसते. त्यातून काय बनते, सांडपाणी कसे हाताळले जाते, यावर सगळे ठरते. पण लोट्याच्या सांडपाण्याबद्दल दाभोळ खाडीतले मच्छीमार फार आधीपासून तक्रार करत आले आहेत, आणि तिथल्या माणसाला त्रिस्सिनोची हकीकत ठाऊक असण्याचा पूर्ण हक्क आहे.

पीटीएफईचा ठोकळा भाजणाऱ्या छोट्या कारखान्यात धोका वेगळा असतो. भट्टी प्रमाणाबाहेर तापली की निघणाऱ्या धुराने ताप, थंडी, छातीत जडपणा येतो, आणि पूड लागलेल्या हातांनी विडी ओढली तरी तेच होते. त्यासाठी धूर जागच्या जागी ओढून घेणारा पंखा लागतो, आणि १९४८ च्या कायद्याचे कलम १४ तो मागत होते. मुरबाड असो, शहापूरजवळचे आसनगाव असो, कामगाराने तो मागावा आणि निरीक्षकाने पाहावा.

पाण्याची तपासणी त्याहून अवघड. अमेरिकेने २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यातल्या पीएफओएला एका लिटरमागे ४ नॅनोग्रॅम अशी मर्यादा घातली. आपल्याकडे नळाच्या पाण्यासाठी अशी बंधनकारक मर्यादा अजून नाही. मर्यादा नाही म्हणून कोणी नेमाने मोजत नाही, आणि मोजलेले नसले की वीस वर्षांनी काय बदलले हेही सांगता येत नाही. भातसा मुंबई महानगराला पाणी देते. मुरबाडच्या डोंगरांतून येणाऱ्या बारवीवर एमआयडीसीने बांधलेले धरण अंबरनाथ, बदलापूर, डोंबिवलीच्या कारखान्यांना आणि वस्त्यांना पाणी देते. या दोन्ही जलाशयांचे आणि लोट्याजवळच्या वाशिष्ठीचे नमुने आजच घेऊन त्यांचे आकडे प्रसिद्ध करायला हवेत.